सुटलं की ओट्यावर

गणितात किस्से घडत नाहीत, असं मलाही वाटायचं. उत्तर येतं किंवा येत नाही, त्यात सांगण्यासारखं काय असणार? पण आमच्याकडे सोफा सरकवला की खालून पेन्सिलींची टोकं, खोडरबराचे तुकडे, कुणाच्या तरी कंपासपेटीतला अर्धा कोनमापक असं काय काय निघतं. तसेच हे किस्से साचलेत. एक उचलायला जावं तर त्याला चिकटून दुसरा येतो. माझा नवरा निलेश म्हणतो, "लिहून काढ एकदाचं. आल्यागेल्याला तेच सांगत बसतेस." म्हणून हे.

मी एम.एस्सी. गणित. ओवी व्हायच्या आधी ज्युनियर कॉलेजात शिकवायचे, आता घरी असते. ओवी चार वर्षांची आहे. तिला शिंक आली तरी मी घाबरते आणि ती फार शांत बसली तर जास्तच घाबरते. यवतमाळला आमच्या समोरच्या खोलीत दर रविवारी सकाळी पाच मुलं येतात. ट्युशनला नव्हे, ऑलिम्पियाडची गणितं सोडवायला. मूळसंख्या, भूमिती, बीजगणित, आणि सगळी अशी, की कुठलं सूत्र लावायचं तेच कळत नाही.

आमच्याकडे नियम एकच. ज्याला गणित सुटलं त्याने "सुटलं" एवढंच म्हणायचं आणि उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचं, म्हणजे बाकीच्यांची मजा जात नाही. खोलीत शेवटी कोण उरतं, हे तुम्ही विचारू नका.

*

पाचांत अल्फिया सगळ्यांत पुढे. नववीत आहे. तिच्या वडिलांचं, इरफानभाईंचं, लोहारा रोडला गॅरेज आहे. ते पहिल्यांदा आले तेव्हा क्लास बघायला दारातच खुर्ची टाकून बसले. आत आम्ही सहाजणं एका गणितासमोर. कुणी छताकडे बघतंय, कुणी नखं खातंय. बराच वेळ गेल्यावर ते उठून माझ्याजवळ आले आणि अगदी अदबीने म्हणाले,

"मॅडम, मी कवापासून पाहून राह्यलो. तुम्ही शिकवणं कवा चालू करता?"

"हेच चालू आहे," मी म्हटलं. "एक गणित दिलंय. शोधतायत."

"एकच? बाजूचे सर एवढ्यात अख्खा धडा संपवतात!" त्यांनी वाकून कागद पाहिला. "बिघाड सापडला का मंग?"

"नाही अजून."

"तुम्हालेही नाही?"

"मलाही नाही."

"मंग गाडी खोलली कायले!"

जाताना मात्र हसणं बाजूला ठेवून बोलले. "पोरीले आवड आहे, मी नाही म्हणत नाही. पण पुढच्या वर्षी दहावी आहे. यंदा या ऑलिम्पियाडच्या परीक्षेत पुढं गेली, कॅम्पले निवडली, तं येऊ द्या. नाही तं मी तिले रविवारची सायन्सची ट्युशन लावतो. हे बंद." अल्फियाने मान वर केली नाही. फक्त पेन्सिल थांबली. अल्फिया निवडली गेली नाही, तर चूक कुणाची हे शोधायला फार डोकं लागणार नव्हतं!

*

सार्थक कळंबचा. घरी कापूस आणि तूर. सकाळच्या पहिल्या एसटीने येतो. एका रविवारी मी त्यांना कबुतरांचं तत्त्व शिकवलं होतं. म्हणजे तीन कबुतरं आणि दोन खुराडी असतील, तर एका खुराड्यात किमान दोन कबुतरं असणारच. साधी गोष्ट, पण हिच्या जोरावर भलीभली गणितं सुटतात.

पुढच्या रविवारी सार्थक आला तो पाय घासत. बघते तर दोन्ही पायांत काळी चप्पल आणि दोन्ही डाव्या!

"काय झालं रे?"

"मॅडम, लाइन गेलती. घरी मामा आलेत. दारात चपला दोनच रंगाच्या, काळ्या अन् चॉकलेटी. एसटी चुकून राह्यलती. म्हटलं तीन उचला, दोन तं एका रंगाच्या निघतीलच. पिशवीत टाकल्या अन् पळालो."

"मग?"

"निघाल्या न एका रंगाच्या. तत्त्व बरोबर आहे मॅडम. पायाचं राह्यलं."

तेवढ्यात त्याच्या आईचा फोन. "मॅडम, त्या पोट्ट्याले विचारा, आमच्या तीन चपला कुठं गेल्या? त्याचे बाबा अन् मामा, दोघंही एकेका चपलेवर बसून आहेत!"

त्या दिवशी ठरवलेलं गणित बाजूला ठेवून आम्ही चपलाच सोडवल्या. काळ्या दोन जोड्या, चॉकलेटी एक. डावी-उजवी जोडी नक्की मिळायला किती उचलायच्या? अल्फिया बघता बघता ओट्यावर. तिथूनच ओरडली, "चार रे सार्थक! एकच कमी पडली!"

*

ओवीच्या बालवाडीतून बोलावणं आलं. मी रस्ताभर काय काय कल्पना केल्या ते सांगत नाही. बाई म्हणाल्या, तशी गुणी आहे, पण एक अडचण आहे. चित्रांचा तक्ता लावला आणि विचारलं, "हे काय आहे?" सगळी मुलं म्हणाली, "हत्ती." ओवी म्हणाली, "चित्रावर विश्वास ठेवायचा नाही."

मी भूमितीच्या वेळी दर रविवारी हेच ओरडत असते. आकृतीत काटकोन दिसतो म्हणून तो काटकोन नसतो, आधी सिद्ध करा! पण हे बाईंना कसं समजावणार? मी आपली खाली मान घालून "सांगते तिला" म्हणाले. घरी येऊन निलेशला सांगितलं तर तो म्हणाला, "हत्ती तर हत्ती. सिद्ध करून टाक."

*

आता तो ओट्याचा किस्सा.

पहिल्या फेरीची परीक्षा एका शाळेत होती. पालकांना व्हरांड्यात बसायची परवानगी. मी ओवीला घेऊन बसले होते. घंटा होऊन थोडाच वेळ झाला असेल, तर समोरून अल्फिया येतेय! हात हलवत, प्रसन्न चेहऱ्याने. आली आणि माझ्या बाजूला पायरीवर बसली.

"काय गं? बरं नाही का?"

"सुटलं मॅडम."

"काय सुटलं?"

"पहिलं."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग तिच्या चेहऱ्यावरचं हसू जे उतरलं! "या अल्ला!" म्हणून ती अशी उठून पळाली, की तिची ओढणी माझ्या हातातच राहिली. दारात पर्यवेक्षक सर उभे. "कुठे गेली होतीस?"

"ओट्यावर."

"काहून?"

"सुटलं म्हणून."

सरांना काहीच कळलं नाही. पण भला माणूस. तिच्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या ओढणीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "बस जाऊन. आता पेपर संपेपर्यंत तुझं काहीही सुटलं तरी उठू नको!"

नियम माझा होता. ती पास झाली म्हणून आज हसता येतं. निकाल लागेपर्यंत मी इरफानभाईंच्या गॅरेजवरून जाणारा रस्ता टाळत होते.

*

दुसरी फेरी अवघड. तिच्यातूनच कॅम्पला, म्हणजे पुढच्या प्रशिक्षण शिबिराला निवडतात. तयारीसाठी मी एका जुन्या पेपरातलं भूमितीचं गणित काढलं आणि आठवडाभर तेच माझ्या मानेवर बसलं. भाजी चिरताना त्रिकोण, ओवीची वेणी घालताना त्रिकोण. वर्तुळ काढायला कागद कशाला, पोळपाटावर पोळी असतेच! मी सुरीने हलकेच रेघा ओढून बघायचे. संध्याकाळी निलेशच्या ताटात पोळी पडली ती चार तुकड्यांत. त्याने काही विचारायच्या आत सासूबाईच म्हणाल्या,

"आमच्या टायमाले पोळी गोल आली की काम संपे. हिची गोल आल्यावर चालू होते!"

रविवार उजाडला तरी येईना. काय करणार? सरळ सांगून टाकलं, "हे गणित मला आलेलं नाही."

"खरंच मॅडम?" सार्थकने इतक्या आनंदाने विचारलं, जणू शाळेला सुट्टी जाहीर झाली. पाचही जणं एकदम पुढे सरकून बसली. मी आठवडाभरात काय काय करून पाहिलं ते फळ्यावर मांडलं. सगळं चुकलेलं! मग आम्ही सहाजणं बसलो. चहा गार झाला, ओवी दोनदा रडून गेली. आणि अल्फिया फळ्याकडे बघत एकदम म्हणाली,

"मॅडम, तुम्ही त्रिकोणाच्या आतल्या आतच फिरून राह्यल्या. बाजू वाढवा न बाहेर!"

एक बाजू आणि आतली एक रेघ बाहेर वाढवली, त्या तिथे एका बिंदूत भेटल्या, आणि आठवडाभर लपून बसलेलं सगळं समोर येऊन उभं राहिलं. मी चहा पुन्हा गरम करायच्या निमित्ताने आत पळाले. सासूबाई भाजी निवडत होत्या.

"काय झालं? पोट्टीनं हरवलं का?"

"हो."

"मंग हसून काहून राह्यली?"

*

दुसऱ्या फेरीला नागपूरला जायचं होतं. इरफानभाईंनी गॅरेजमधली नुकतीच दुरुस्त झालेली गाडी काढली. सोबत गाडीचे मालकही आले, कारण बिघाड खरंच गेला का ते त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. अख्खा रस्ता ते पुढे वाकून इंजिनाचा आवाज ऐकत होते, अल्फिया खिडकीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटत होती, आणि मी, तिला आज उलटी तर होणार नाही ना, पेन दोन घेतलेत ना, याच्यात.

ती आत गेली. आम्ही तिघं बाहेर झाडाखाली. इरफानभाई एरवी जागेवर न थांबणारा माणूस, पण त्या दिवशी दारावरची नजर हलवेनात. दार कुणासाठीही उघडलं की आम्ही दोघं एकदम उभे राहायचो.

"मॅडम, उठून बाहेर तं येणार नाही न?"

"नाही येणार. सांगितलंय."

"पुन्हा सांगाले पाहिजे होतं."

पेपर संपला. मुलं बाहेर आली, आपापल्या आईबापांना भेटली, निघूनही गेली. अल्फियाचा पत्ता नाही! सगळ्यांत शेवटी ती आली, तीही शिपायाने "चला आता, खोली बंद करायची आहे" म्हटल्यावर.

"किती झाली?" मी.

"चार पूर्ण. पाचवं अर्धं."

"अर्धं म्हंजे?" इरफानभाई. "गाडी चालते का नाही?"

"ढकलून चालते, अब्बू."

त्यांनी सगळं समजल्यासारखी मान हलवली. मागून गाडीचे मालक म्हणाले, "मंग आमचीही अर्धीच धरा. आताही घर्रघर्र करतेच."

*

निकालाच्या दिवशी मी फोन उशीखाली दाबून ठेवला होता, वाजू नये म्हणून. वाजलाच. इरफानभाई होते. नमस्कार नाही, काही नाही.

"मॅडम, ते सायन्सची ट्युशन कॅन्सल केली."

एवढंच बोलले आणि फोन ठेवला. मी कॉटवर बसून रडायला लागले तर ओवी पाण्याचा पेला घेऊन आली आणि सगळा माझ्या अंगावर सांडला.

*

मग शाळेने अल्फियाचा सत्कार ठेवला. हॉल भरलेला. इरफानभाई इस्त्रीच्या शर्टात, एकही डाग नाही. सार्थक आणि बाकीची तिघं मागे उभी राहून शिट्ट्या मारायच्या तयारीत. निलेश मोबाइल घेऊन शूटिंगला. सासूबाई पहिल्या रांगेत, ठेवणीतली साडी नेसून. मी ओवीला मांडीवर घेऊन जरा मागे, खांबाच्या आडोशाला. पाहुणे छान बोलले. मोठ्या शहरात मोठमोठे क्लास असतात, तरी आपल्या गावच्या मुलीने हे केलं, वगैरे. मग त्यांनी माइक अल्फियापुढे धरला.

"बेटा, तुझ्या मॅडमनी तुला असं काय शिकवलं, जे दुसरीकडे शिकवत नाहीत?"

अल्फिया विचार करायला लागली. इतका वेळ, की लोक खुर्च्यांत चुळबुळायला लागले. मी तिचा तो चेहरा ओळखते. गणित अवघड असलं की असाच होतो.

"मॅडम काही शिकवत नाहीत," ती म्हणाली.

हॉलमध्ये हशा. खांब अजून थोडा जाड असता तर बरं झालं असतं.

"म्हंजे, दुसरीकडे सरायले सगळं येते. ते फळ्यावर करून दाखवतात अन् आपण उतरवून घेतो. आमच्या मॅडमले येत नाही. पण त्या उठतही नाहीत. आमच्यासंगं बसूनच राहतात. मंग कोणाले तरी सोडवाच लागते न!"

आता कुणी हसलं नाही. पाहुणे माइक हातात धरून तसेच उभे.

तेवढ्यात पहिल्या रांगेत टाळ्या सुरू झाल्या. एकाच माणसाच्या. सासूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या, आणि टाळ्या वाजवता वाजवता शेजारच्या अनोळखी बाईला मोठ्याने सांगत होत्या,

"जिले येत नाही न, ते आमची सून हाये!"