मशीनचा पट्टा

माझे धाकटे दीर दौलत हे गिरणीत फिटर. एका शेटनं मोडीत काढलेली मोठी मोटरगाडी त्यांनी घोडपदेवला चाळीसमोर आणून ठेवली. तिचा एक भाग बसवला की दुसरा निखळायचा. जुन्या बाजारात सामान मिळालं नाही, तर भावोजी ते घरात शोधायचे. माझ्या स्टोव्हचा वायसर असाच गेला.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याला मोटरीतून झेंडे न्यायचं त्यांनी कबूल केलं. झेंडे शिवायला त्यांची बायको सुभद्रा हौसेनं बसली होती. त्याच सकाळी मोटरीच्या पंख्याचा पट्टा तुटला. सुभद्रा पाण्याला गेली, तेवढ्यात भावोजींनी तिच्या शिलाई मशीनचा चामडी पट्टा काढून मोटरीला चढवला.

"अहो, आता झेंडे कशानं शिवू?"

"हातानं शिव गो! लोकं माझी वाट बघतायत."

झेंड्यांवाचून मोटर निघाली. लालबागला तोही पट्टा तुटला, तरी लोकांनी भावोजींच्या गळ्यात हार घातला. सुभद्रा मात्र मोर्चा पांगला तरी सुईनं झेंडेच शिवत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः जाऊन नवा पट्टा आणला. भावोजी म्हणाले, "एकच? दोन आणायचे होतेस."

तेव्हापासून ती पट्टा उशाखाली घेऊन झोपायची.