पाणी शिंपडलेली मतं

"ठिव तितंच वट्यावर. हातात देऊ नको," पाटलीणबाई म्हणाल्या. मी एकवीस पोस्टकार्डं ओट्यावर मांडली. त्यांनी तांब्यात बोटं बुडवली, कार्डांवर पाणी शिंपडलं आणि मगच उचलायला वाकल्या.

मी बारा वर्षांची होते. गाव ताडकळसजवळचं. गावात टीव्ही एकच, पाटलांच्या ओसरीवर. त्यांची पोरं ओसरीवर बसायची. आम्ही बौद्धवाड्यातली खाली अंगणात, घरून आणलेल्या बारदानावर. त्या वर्षी टीव्हीवर जाहीर झालं की सिनेमावाल्यांना बक्षिसं द्यायचीत आणि ती कुणाला, हे मुलांनी ठरवायचं. आवडता हिरो, हिरॉईन, गायक कार्डावर लिहा, खाली आपलं नाव-गाव टाका, पाठवा. सोहळ्यात काही मुलांची नावं वाचून दाखवणार होते. निवेदिका गोड हसून म्हणाली, देशातल्या प्रत्येक मुलाचं मत सारखं. मी ते खरं मानलं. आज लाज वाटते, पण मानलं. माझं नाव त्या टीव्हीच्या डब्यातून यावं आणि ओसरीवरच्यांनी ते मुकाट्यानं ऐकावं, एवढंच मला पाहिजे होतं.

वर्गात अक्षर माझं चांगलं. म्हणून गुरुजींनी ओसरीवरच्या पोरांची कार्डं मलाच लिहायला लावली. स्वतःचं शाईपेन दिलं. "तुझ्याकडंच ठेव, परत देऊ नको," म्हणाले. मला ते बक्षीस वाटलं. वीस कार्डं त्या पोरांची लिहिली, एकविसावं माझं, आणि सगळी घेऊन गुरुजींबरोबर पाटलांकडं आले.

आता ओट्यावर शाई फुटली. हिरो गायकात उतरला. पाटलांच्या थोरल्या चिरंजीवांचं निळं डबकं झालं. माझंही नाव गेलं. मताला विटाळ होतो, हे मला त्या दिवशी कळलं. आणि पेन परत का नको होतं, तेही. ज्या हिरोसाठी ही धडपड, त्याची जात मात्र एकानंही विचारली नव्हती. पाण्यानं शाई फुटते एवढीही अक्कल नसलेली माणसं आम्हाला शिवाशिव शिकवत होती.

गुरुजींनी घाईनं कोरी कार्डं पुढं सरकवली. "लिही पुन्हा."

"आन् तुजं नको लिव्हू," पाटलीणबाई म्हणाल्या. "तुज्या घरी टीव्ही हाय का? तुला काय करायचंय मत?"

मी पेन ओट्यावर ठेवलं. "मी न्हाई लिव्हणार. पेनावर बी पाणी शिंपडा, मंग उचला."

"उद्यापासून टीव्हीला यायचं न्हाई."

"न्हाई येणार."

गुरुजी कोरी कार्डं पुन्हा मोजायला लागले. शिकलेला माणूस. पुढं पोरांनी आपल्याच अक्षरात कार्डं धाडली. सोहळ्यात त्यांच्यातल्या एकाचंही नाव आलं नाही, हे मला शाळेत कळलं. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

ओट्यावर पेन ठेवलं त्याच आठवड्यात आमच्या वस्तीत विद्यापीठाच्या नामांतराचं निवेदन लिहायचं होतं. मोठी माणसं कागद घेऊन लिहिणारा शोधत होती. मी पुढं झाले.

"ह्याच्यापायी लोकायची घरं जळाली हायत, पोरी," बाबा म्हणाले.

"ठाव हाय," म्हटलं आणि लिहायला बसले. खाली पहिलं नाव माझं घातलं. कुणी म्हणालं, पोरीच्या सहीला काय किंमत. मी खोडली नाही. ज्याला माझ्या हाताचा विटाळ होतो, त्याच्यासाठी या हातानं त्यानंतर एक अक्षर लिहिलं नाही. लिहिणारही नाही.