वाकलेला रॅक आणि माझा फोटो

गेल्या महिन्यात एका सोमवारी एचआरच्या मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि स्वतः उठून कॉफी दिली. दोन वर्षं या कंपनीत आहे, त्यांनी माझ्याकडे कधी नीट पाहिलंही नव्हतं... माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली.

आमचं गोडाऊन खालापूरजवळ आहे. कंपनी एवढी मोठी की तिचं नाव तुमच्या घरातल्या एखाद्या डब्यावर नक्की असेल, म्हणून इथे घेत नाही. इथे लागण्याआधी मी नेरळला एका शेठच्या छोट्या कारखान्यात होते. तिथे बोट मशीनमध्ये सापडलं तर "हळद लाव, बरं होईल" एवढाच इलाज.

इथे कर्जतहून न्यायला बस आहे, जेवण आहे, विमा आहे. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्या विम्यावर झालं, हे मी विसरणार नाही. पण इथे निर्णय कोण घेतं ते कळत नाही. शेठ निदान समोर उभा राहून ओरडायचा... इथे नुसता मेल येतो, आणि त्याला उत्तर देता येत नाही.

तर, झालं असं की त्या सोमवारच्या आधी, शनिवारी दुपारी माल उचलायच्या एका फोर्कलिफ्टचा धक्का लागून रॅकचा खांब वाकला. वर तेलाच्या डब्यांनी लादलेली लाकडी पॅलेट्स होती. आणि बरोबर खाली जवळच्या आदिवासी वाडीवरच्या बायका खोक्यांना टेप मारत बसल्या होत्या. त्या कॉन्ट्रॅक्टवर, त्यामुळे त्यांची जॅकेटं वेगळ्या रंगाची.

मी धावत शरददादांकडे गेले. ते आमचे शिफ्ट इन्चार्ज, दहिवलीचे, स्वभावाने शांत माणूस. त्यांनी खांबाकडे पाहिलं, मग गेटवर उभ्या ट्रककडे पाहिलं.

"गाडी उभी हाय गं. तेवढी भरू दे, मग खाली करू."

त्यांचा फोन परत वाजला आणि ते वळले. मी वर बघितलं... खांब अजून थोडा झुकल्यासारखा वाटला. खरंच झुकला की मला वाटलं, माहीत नाही. मी त्या बायकांना ओरडून बाहेर काढलं आणि लाल बटण दाबलं.

सगळे बेल्ट थांबले. एवढ्या मोठ्या गोडाऊनमध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. त्या बायकांतल्या कमळमावशी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "आमचा खाडा तर नाय ना लावणार?"

रॅक रिकामा केला तेव्हा खालचा बोल्ट उखडून आलेला दिसला. म्हणजे भीती खोटी नव्हती.

आणि मग सोमवारची ती कॉफी. घरी कोण असतं, शेलूहून कर्जतला बसपर्यंत येताना त्रास होतो का... आणि मधूनच, "तुम्हाला कोणी थांबवलं का?" तोच प्रश्न मॅडमनी फिरवून फिरवून विचारला. मी म्हटलं, सगळ्यांनी मदत केली. शरददादांचं नाव घेतलं नाही.

घरी आल्यावर भाऊ म्हणाला, "गोड बोलून राजीनामा घेतात, कशावर सही करू नकोस." मला झोप लागेना. गाडी थांबवली, म्हणजे आपली नोकरी गेली असंच वाटत होतं.

बुधवारी सगळ्यांना एकत्र बोलावलं. माझं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, माझा फोटो मोठ्या स्क्रीनवर आला. उगाच संशय घेतला कंपनीवर, असं वाटून मी गर्दीत शरददादांना शोधायला लागले.

ते नव्हते. त्यांच्या लॉकरचं दार उघडं होतं आणि आत काही नव्हतं. शिफ्टच्या ग्रुपमधून त्यांचा नंबर काढलेला... आणि विचारलं तर सगळे विषय बदलत होते.

रविवारी दहिवलीला त्यांच्या घरी गेले. वाटलं होतं, दारातूनच परत पाठवतील. वहिनींनी चहा ठेवला. दादा म्हणाले, "तू नाव नाय घेतलंस, मला माहिती हाय. त्यांनी कॅमेऱ्यात आधीच बघितलं होतं. राजीनामा दे म्हणाले, दिला."

चहाचा कप माझ्याकडे सरकवत ते पुढे म्हणाले, "चूक माझीच. पण गाडी का उभी, गाडी का उभी, म्हणून वरून सारखा फोन चालू होता. तो आवाज कॅमेऱ्यात येत नाय ना गं."

दुसऱ्या दिवशी मी न बोलावता केबिनमध्ये गेले. म्हटलं, त्या दिवशी फोन कोण करत होतं तेही बघा. मॅडम म्हणाल्या, "तुमचा मुद्दा कळला." काय कळला कुणास ठाऊक... कॉफी विचारली नाही.

पण एक झालं. पॅकिंगची टेबलं आता रॅकपासून लांब, भिंतीकडे नेली आहेत. काल तिथून जाताना कमळमावशींनी विचारलं, "ते दादा दिसत नाय हल्ली?" त्यांनाही कोणी सांगितलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातली टेप तोडली आणि पुढचं खोकं ओढलं.

नोकरी मी सोडणार नाही, आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन अजून बाकी आहे. कंपनी चांगली की वाईट विचारलंत तर मला खरंच सांगता येणार नाही. फोटो अजून कॅन्टीनबाहेर लावलेला आहे आणि त्याच्याकडे बघून मला बरं वाटत नाही.

शरददादा, तुम्ही हे वाचाल की नाही माहीत नाही. मी नवीन होते तेव्हा एकदा तुम्हीच मला हाताला धरून रॅकखालून बाहेर ओढलं होतं आणि म्हणाला होतात, आधी माणसं बाजूला, माल नंतर. त्या शनिवारी मी तेवढंच केलं... थँक्यू.