बायकोचा लिथुआनिया

माझं साकोलीत पंप-मोटारींचं दुकान आहे आणि माझी बायको लिथुआनियावर पीएचडी करत होती. ही दोन वाक्यं एका दमात सांगितली की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघायचा, मग विषय बदलायचा. एका नातेवाइकानं तर सरळ विचारलं, "तिकडे धान होते का?" मला राग यायचा. तिला यायचा नाही. ती शांतपणे सांगायची की बाल्टिक समुद्राकाठी एक लहानसा देश आहे, तो बरीच वर्षं सोव्हिएत संघात होता, बळजबरीनं होता. समाजवादी राजवट गेल्यावर तिथली माणसं 'आम्ही कोण' हे कसं सांगतात, ज्या साम्राज्यातून सुटले त्याच्याविषयी कसं बोलतात, याचा मी अभ्यास करते. एवढं होईतो विचारणारा चहा संपवून उठलेला असायचा.

ती पवनीची. नागपूरला शिकली, मग दिल्लीला जाऊन रशियन शिकली आणि लग्नानंतर साकोलीच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायला लागली. मी बारावीनंतर पुस्तकाला हात लावलेला नाही, त्यामुळे माझं कौतुक म्हणजे गाढवाला गुळाची चव. तरी सांगतो. धानाच्या रोवणीच्या दिवसांत शेतावर बायांसाठी चहा घेऊन गेली की कप रिकामे होईतो ती बांधावर बसून मोबाइलवर रशियन बातम्या ऐकायची. घरात पाहुणे असोत, कॉलेजात परीक्षा असोत, रोज थोडं तरी लिहिल्याशिवाय ती झोपली नाही. मी दुकानात एका गिऱ्हाइकाशी दोनदा बोललो तरी तिसऱ्यांदा आवाज चढतो. ही बाई परक्या भाषेत एकच प्रश्न चार तऱ्हांनी विचारायची आणि चारही वेळा मनापासून ऐकायची.

प्रवासाला जाणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून मुलाखती कॉम्प्युटरवरूनच व्हायच्या. त्यात एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांच्याविषयी जेवढं सांगायची मोकळीक आहे तेवढंच सांगतो. लहानपणी त्यांना घरच्यांसकट सायबेरियात नेऊन टाकलं होतं. बायकोला लिथुआनियन येत नव्हतं, त्यामुळे दोघी रशियनमध्ये बोलायच्या. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या होत्या, "ही भाषा मला जबरदस्तीनं मिळाली. तुझ्या कामाला येत असेल तर घे." प्रबंधाचं सगळ्यात मोठं प्रकरण या एका बाईच्या बोलण्यावर उभं होतं. नोंदणीची मुदत एकदा वाढवून झाली होती, आता पुन्हा वाढणार नव्हती. ते प्रकरण झालं की प्रबंध झाला, असं ती सांगायची.

आता माझे बाबा. शाळामास्तर होते, आता निवृत्त. रशिया म्हणजे त्यांचं माहेर म्हटलं तरी चालेल. त्यांचे थोरले भाऊ भिलाईच्या पोलाद कारखान्यात लागले होते. तो कारखाना रशियाच्या मदतीनं उभा राहिलेला. त्या पगारावर आमच्या घरात पहिल्यांदा बाराही महिने दोन वेळची चूल पेटली आणि बाबा शिकून मास्तर झाले. पुढे नागपूरला पुस्तकांची गाडी आली की गुळगुळीत कागदाची, रंगीत चित्रांची रशियन पुस्तकं-मासिकं मराठीत अगदी स्वस्तात मिळायची. बाबा ती पिशवी भरून आणायचे. मासिकं वाचून झाली की त्यांच्याच कागदाची कव्हरं माझ्या वह्यांना लागायची. सून रशियन शिकलेली मिळाली याचा आनंद त्यांना तिच्या पगारापेक्षाही जास्त झाला होता. तिचा प्रबंध नक्की काय म्हणतो, हे मात्र त्यांनी कधी नीट विचारलं नाही, आणि तिनंही त्यांचं मन जपायला मोघमच सांगितलं.

एका रविवारी दुपारी बाईंची मुलाखत चालू होती. बाबा आतल्या खोलीतून धुतलेला सदरा घालून आले. हातात एक जुनं रशियन गोष्टींचं पुस्तक. पाहुण्याला दारातून तसंच जाऊ द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आणि त्यांच्या दृष्टीनं रशियन बोलणारी ती बाई रशियाचीच, कित्येक महिने आमच्या घरी येत होती, फक्त काचेपलीकडे बसत होती. ते सुनेच्या खांद्यामागे उभे राहिले, पुस्तक वर धरलं आणि हसून, येत होते तेवढ्या रशियन शब्दांत म्हणाले, "तुमचा देश, आमचा देश, मैत्री!"

बाईंनी पुस्तकाकडे पाहिलं. मग हात पुढे आला आणि पडदा काळा झाला.

बाबांना वाटलं, लाइट गेली असेल.

दुसऱ्या दिवशी बाईंचा मेल आला. माझं बोलणं कृपया वापरू नका, एवढंच. रागाचा एक शब्द नव्हता. बायकोनं तो मला वाचून दाखवला आणि पोळ्या लाटायला गेली.

मी मात्र घर डोक्यावर घेतलं. म्हटलं, "बाबा, तुम्हाला आ बैल मुझे मार करायला कोणी सांगितलं होतं?" मग बायकोवर घसरलो. तिचे मार्गदर्शक सर फोनवर म्हणाले होते की सही केलेलं संमतीपत्र तुझ्याकडे आहे, नाव बदललेलंच आहे, वापरून टाक. मीही तेच म्हटलं. लिथुआनियातून कोण येणार आहे साकोलीला तपासायला? ती म्हणाली, "अहो, त्या पत्रात मीच लिहिलंय, तुम्ही केव्हाही नाही म्हणू शकता. त्या नाही म्हणाल्या. दार मी उघडं ठेवलं, बाबांचा काय दोष?" आणि आमच्या डोळ्यांदेखत तिनं त्या बाईंची सगळी रेकॉर्डिंग पुसली. दोन वर्षांचं काम होतं ते. मला त्या वेळी तिचा भयंकर राग आला, आणि तिच्याइतकं सरळ माणूस मी पाहिलेलं नाही हेही त्याच वेळी कळलं.

बाबांचं जेवणावरचं लक्ष उडालं. तीन-चार दिवसांनी ते सुनेच्या टेबलापाशी जाऊन बसले. "बाई, माह्यं काय चुकलं ते मले सांग. सगळं सांग."

तिनं त्या बाईंची गोष्ट सांगितली नाही, ती सांगायचा तिला हक्क नव्हता. तिनं त्या देशाची सांगितली. रात्रीतून दार वाजवून नेलेली माणसं, गुरांच्या डब्यांतून झालेले प्रवास, शाळेत परकी झालेली आपलीच भाषा. बाबा मधेच उसळले, "पन भिलाई कोनं बांधून देल्ली? माह्या भावाच्या हाताले काम कोनं देल्लं?"

"त्यांनीच दिलं, बाबा. तुमचं खरंच आहे. फक्त तिथल्या माणसांना तुमचं खरं माहीत नाही, आणि आपल्याला त्यांचं."

बाबा उठून गेले. पण दुसऱ्या दिवशी परत येऊन बसले. असं आठवडाभर चाललं. चाळीस वर्षं पोरांना शिकवलेला माणूस सुनेपुढे विद्यार्थ्यासारखा बसलेला पाहून मला भरून यायचं. तीही त्यांना हरवायला बोलत नव्हती. ते भांडले की थांबायची, ते गप्प झाले की पुढे सांगायची.

मग बाबा म्हणाले, "मले त्या बाईले काही सांगाचं आहे. पन रशियनमधे नको." ते आपल्या बोलीत बोलले, तिनं मोबाइलवर टेप केलं, त्याचं इंग्रजी केलं आणि ओळखीच्या एका लिथुआनियन विद्यार्थिनीकडून बाईंच्या भाषेत अनुवाद करून घेऊन त्यांना पाठवला. बाबा त्यात म्हणाले होते, "त्या कारखान्यानं आमच्या घरी अन्न आनलं. ज्यायनं आमाले देल्लं, त्यायनं दुसऱ्याच्या घरून काय नेलं, हे म्या कधी इचारलं नाही. तुमच्यासमोर मैत्री म्हनत उभा राह्यलो. माफी असावी."

उत्तर आलं. ऐकलं, असं बाईंनी लिहिलं होतं. बाबांच्या तब्येतीची चौकशी केली होती. परवानगी मात्र दिली नाही.

हाताशी चार महिने होते. बायकोनं एक दिवस बाबांसमोर संमतीपत्र ठेवलं, मोठ्यानं वाचून दाखवलं आणि विचारलं, "बाबा, तुमची मुलाखत घेऊ?" साम्राज्याखाली भरडलेली माणसं प्रबंधात होती, त्या साम्राज्यावर लांबून जीव लावलेलं माणूस नव्हतं. नवं प्रकरण त्यावर झालं. बाबांनी भिलाई सांगितली, पुस्तकं सांगितली, तो रविवार सांगितला. बाईंविषयी त्यात एक ओळ आली, तीसुद्धा बायकोनं त्यांना कळवून, त्यांनी चालेल म्हटल्यावर. मुदत संपायच्या आठवड्यात प्रबंध गेला.

तोंडी परीक्षेला आम्ही तिघं नागपूरला गेलो. मी दुकान बंद ठेवलं होतं. बायकोनं तासभर उत्तरं दिली. मला निम्मंही कळलं नाही, पण परीक्षक हळूहळू पुढे सरकून बसले, ते कळलं. शेवटी बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक बाईंनी पानं उलटत विचारलं, "सगळ्या लोकांची नावं तुम्ही नियमानं बदललीत. याच एका गृहस्थांचं नाव खरं आहे, आणि ते तुमचे सासरे आहेत. घरच्या माणसाची चूक त्याच्या नावानिशी छापताना काही वाटलं नाही?"

इतका वेळ भराभर उत्तरं देणाऱ्या माझ्या बायकोनं मागे वळून बाबांकडे पाहिलं.

मागच्या ओळीतून बाबा उठले. प्रेक्षकांनी बोलायचं नसतं, हे त्यांना मी दोनदा सांगितलं होतं.

"तिले काहून इचारता जी?" ते म्हणाले. "तिनं तं दुसरंच नाव टाकलं होतं. मीच बदलू देल्लं नाही. उद्या हे पुस्तक त्या लिथुआनियाच्या बाईच्या हाती पडलं तं? एकदा तिचं मन दुखवलं, आता पुन्हा खोट्या नावानं तिच्यासमोर कायले जाऊ?"