पनागरच्या शेतातला अर्धा ओंडका

लग्नानंतर गोंदियाहून निघाले तेव्हा गाडीवर सोडायला बाबा आले होते. गाडी हलल्यावर ते खिडकीसोबत चार पावलं चालले आणि म्हणाले, "जबलपूर काही दूर नाही बाई. जव्हा वाटलं तव्हा ये." मी रडले नाही. समोर कोणीतरी शेंगा सोलत होतं, मी टरफलं बघत बसले.

तुम्ही घरचे सगळे फोनवर एकच विचारता. तुझा माणूस गेला, आता तिथं कोण आहे तुझं, परत काहून नाही येत? फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते. शब्द चुकतील. इतकी वर्षं इथं जबलपूरच्या रांझीत दिवसभर हिंदीच बोलले, मराठी फक्त घरात. आता घरातही बोलायला कोणी नाही.

हे आधी लाकूड कापायच्या एका आरा मशीनवर कामाला होते. ती बंद पडल्यावर यांनी साखळीच्या दातांनी कापणारा चेनसॉ घेतला आणि त्याला बसणारी लोखंडी चौकट. झाड पडलं असेल तिथंच जायचं. ओंडक्यावर शिडी आडवी ठोकायची, तिच्या आधारानं वरचा थर कापायचा. मग त्या सपाट पाठीवरून चौकट सरकवत एकेक फळी काढायची. मदतीला माणूस टिकेना, म्हणून मी जायला लागले. माझं काम पाचरी ठोकायचं. मशीन पुढं सरकली की मागच्या फटीत पाचर, नाहीतर लाकूड मिटतं आणि मशीन अडकते. त्या आवाजात बोलणं होत नाही. हात वर केला की थांब, मान हलवली की चल. घरी आल्यावरही आम्ही फार बोलत नव्हतो. गरज पडत नव्हती.

मागच्या उन्हाळ्यात पनागरजवळ पटेलजींच्या शेतात वादळानं आंबा पडला. जुना, एका माणसाच्या कवेत न मावणारा. तीन फळ्या निघाल्या आणि हे म्हणाले, "साखळी बोथट झाली. तू कानस मार, मी बसतो जरा." बांधाला टेकून बसले. मी त्यांच्याकडे पाठ करून एकेक दात घासत गेले. पूर्ण साखळी झाली. म्हटलं, चला. पुन्हा म्हटलं, चला ना. मग वळून पाहिलं.

पटेलजींनी गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "वहीं खत्म हो गए थे." म्हणजे मी कानस मारत होते तेव्हा. कितव्या दातावर होते, हे मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं.

ते गेल्यावरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. गोंदियाहून आलेला दादा मला न्यायला थांबला होता. त्यानं माझे कपडे बांधले, मी बांधू दिले. हो म्हणावं असंही वाटत नव्हतं, नाही म्हणावं असंही नाही. निघायच्या आदल्या दिवशी पटेलजींचा फोन आला. अर्धा ओंडका तसाच पडला होता. "लकडी आधी पडी है दीदी, किसी और को बुला लें?"

"नहीं भैया, हम आएँगे," मी म्हटलं. हे मी काहून म्हटलं ते मला माहीत नाही.

दादा बघतच राहिला. "तू? तुले चालवता येते?"

"तू पाचरी ठोकजो," मी म्हटलं.

सकाळी दोघं गेलो. मशीन सुरू झाली, भुसा उडायला लागला. पहिली फळी वाकडी गेली. दुसरीच्या मध्यात त्याची पाचर भलतीकडे बसली, लाकूड मिटायला लागलं, मी हात वर केला. दादा ठोकतच राहिला. पुन्हा हात वर केला. त्याला कळेना. शेवटी मशीन बंद करून बोलावं लागलं, "दादा, थांब." इतक्या वर्षांत त्या कामात 'थांब' मी पहिल्यांदा तोंडानं म्हटलं. पटेलजींची बायको पाणी घेऊन आली होती. माझा चेहरा पाहून म्हणाली, "रो लो दीदी." मी वाट पाहिली. रडू आलं नाही. पाणी पिऊन मशीन परत सुरू केली.

संध्याकाळपर्यंत ओंडका संपला. फळ्यांवर बसून दादानं विचारलं, "उद्या निघून राहिलो ना आपण?"

"तू जा," मी म्हटलं. "सोमवारी शिसमचं काम सांगितलंय एकानं."

तो रागावला नाही. दुसऱ्या दिवशी एकटा गेला.

आता लहान ओंडके मी एकटीच कापते. मोठा असला की पटेलजींची बायको येते, तिला खुणा शिकवल्या. रडू अजून आलेलं नाही. त्याचं काही वाटतही नाही.

मागच्या महिन्यात मायच्या डोळ्याच्या ऑपरेशनला गोंदियाला आले होते, तुम्ही सगळे होतेच. पाचव्या दिवशी वहिनीनं विचारलं, कव्हा निघतं? मी भांडी घासता घासता म्हटलं, "उद्या घरी जातो." बोलून गेल्यावर माझ्याच लक्षात आलं, रांझीला घर म्हटलं. माय डोळ्याला पट्टी बांधून खाटेवर होती, तिनं ऐकलं. उठली आणि चाचपडत मला सोबत द्यायला चटणीचा डबा शोधायला लागली.