टॉवरचे यजमान

सुकापुरात आमच्या शेजारच्या नानांइतकं मन लावून रागावणारा माणूस दुसरा नसेल. लिफ्ट उशिरा आली की ते लिफ्टवर रागवायचे, वेळेवर आली की तिच्यातल्या आरशावर. पण त्यांचा खरा राग सोसायटीवर होता आणि तो मला कधीच फुकाचा वाटला नाही. आमचा टॉवर उभा आहे तिथे नानांची भातशेती होती. जमिनीच्या बदल्यात फ्लॅट मिळाला आणि आपण या इमारतीचे यजमान आहोत असं त्यांनी गृहीत धरून टाकलं. तेव्हा आसपास एवढं उंच काहीच नव्हतं. कुणाकडे लग्न असलं की वऱ्हाड गच्चीवरून कर्नाळ्याचा सुळका बघायला यायचं आणि नाना सगळ्यांना चहा पाजायचे.

मग मुंबई-पुण्याची आम्ही नोकरदार मंडळी आलो आणि कमिटी आली. गच्चीला कुलूप लागलं. गेटवर पाहुण्यांचे फोटो निघू लागले. नाना बाजारातून परतताना मुद्दाम वॉचमनसमोर उभे राहायचे. "काढ फोटो. मी पन पावनाच हाय इथं."

एका रविवारी त्यांची करंजा गावात दिलेली बहीण मासळीची टोपली घेऊन आली. कमिटीच्या नव्या नियमाप्रमाणे वॉचमनने तिला सामानाच्या लिफ्टने जायला सांगितलं.

"मी सामान नाय," असं म्हणून ती गेटातच बसली.

नाना बनियनवरच खाली आले आणि तिच्याशेजारी फतकल मारून बसले. सुनेने ताटं खाली आणली. भर दुपारी भावंडं गेटात जेवत होती आणि गाड्या दोन्ही बाजूंनी खोळंबल्या होत्या. सेक्रेटरी धावत आले.

"नाना, बिल्डिंगला काही स्टँडर्ड आहे ना?"

"असंल. माज्या बहिनीला पन हाय," नाना घास न थांबवता म्हणाले.

त्या आठवड्याच्या मीटिंगमध्ये मीही आवाज चढवला. माणसाला सामान ठरवणारे आपण कोण, असं विचारलं. बरीच भांडाभांडी होऊन नियम मागे घेतला गेला. नाना ही बातमी घेऊन स्वतः करंज्याला गेले, बहिणीला आणायला. ती आली नाही. "आता तुज्याकरं यायचा मन नाय होत. तूच येत जा," म्हणाली.

तेव्हापासून नाना दर शनिवारी करंज्याला जातात, ते सोमवारीच परततात. परवा जिन्यापाशी भेटले, तेव्हा मी विचारलं, "तिकडे कुणावर रागावता?"

"तिकरं दारात कोन अरवीतच नाय," ते म्हणाले आणि ओशाळल्यासारखे हसले.

रविवारी आमचा मजला आता अगदी शांत असतो. कमिटीला तो आवडतो.