सगळ्यात आधी मी बोललो

फोन आला तेव्हा मी आमच्या कॅम्प-एक वस्तीच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवालीशी भांडत होतो. सकाळचे साडेनऊ झाले असतील. पलीकडून उमाळेबाबूचा मुलगा प्रशांत बोलला, “नानाकाका, बाबा गेले. चहाचा कप हातातच होता.” मी जुडी तिथंच ठेवली. मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. ‘ऑपरेशन करू नका’ असं चार महिन्यांमागं कोण म्हणालं होतं, हे आता कोणी काढेल का, हा विचार आला. हे लिहायची लाज वाटते... पण लिहायचं तर पुरतं लिहावं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. एवढं लिहायला अकरा दिवस लागले. नातीनं ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, बाकी शब्दांना मी तिला हात लावू दिला नाही.

मधुकर उमाळे इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या कचेरीत, क्लार्क होता, म्हणून सगळ्यांचा उमाळेबाबू. तो अमरावतीकडचा, मी वर्ध्याकडचा, दोघंही नोकरीसाठी इकडं परराज्यात आलेले. मी रिगर, म्हणजे क्रेनला माल बांधून उचलायला लावणाऱ्या टोळीचा मुखिया. त्याला एकच नाद होता, माणसं ठरवतात कशी. लायब्ररीतून त्यावरची जाडजूड पुस्तकं आणायचा आणि सुटी झाली की चहाच्या टपरीवर ती मला पाजायचा. “नाना, माणूस आधी ठरवते अन् कारणं मंग शोधते. चार जण बसले की जो पयले बोलते त्याच्या मांगं बाकीचे जातात. ते काही मेंढरं नसतात. हरेकाले वाटते, याले आपल्यापेक्षा जास्त समजत असन.” मी म्हणायचो, “बाबू, मले नोको शिकवू. आमच्या टोळीत एकच जण हात हालवते अन् वीस टन माल वर जाते. दहा जणांनी हात हालवले त माणसं मरतीन.” तो मिशीत हसायचा. “बरोबर हाये. पण थांबवाचा इशारा कोण देऊ शकते?” आमच्यात थांबवायचा इशारा कोणीही द्यावा, काल लागलेल्या खलाशानं, म्हणजे टोळीतल्या साध्या मदतनीसानंही, आणि क्रेनवाल्यानं थांबलंच पाहिजे, असा नियम. मी आणखी दोन चहा मागवले.

आमच्या मराठी मंडळाच्या हॉलवर छत टाकायचं होतं तेव्हाची गोष्ट. बैठक भरली आणि मी उठून म्हटलं, “टिन टाका, स्लॅबचे चोचले कायले पायजेत?” सगळ्यांचे हात वर. घरी जाताना बाबूनं एकेकाला गाठून विचारलं. अकरापैकी सात जणांना स्लॅब हवा होता. मे महिन्यात त्या टिनाखाली आमच्या बायका हळदीकुंकवाला बसल्या आणि घामानं कुंकू नाकावर उतरलं. तेव्हा बाबूनं मंडळात नवी रीत काढली, आधी प्रत्येकानं चिठ्ठीवर आपलं मत लिहायचं आणि मग तोंड उघडायचं. मी भर सभेत म्हणालो, “चोरावानी चिठ्ठीत कायले लिवाचं? ज्याले बोलाचं त्यानं तोंडावर बोलावं.” टाळ्या पडल्या. खरं कारण वेगळं होतं. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पेन धरला की एकेक अक्षर जुळवत बसावं लागतं, आणि शेजारचा माणूस बघतो. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

पण बाबूला कळलं असावं. पुढच्या बैठकीला तो दोन डब्यांत तुरीचे आणि चण्याचे दाणे घेऊन आला, आणि एक अरुंद तोंडाचा तांब्या. हो म्हणायचं असेल तर तूर, नाही म्हणायचं असेल तर चणा. मूठ बंद करून टाकायचं, लिहायचं काही नाही. सगळ्यांना गंमत वाटली. मी मात्र समजलो की हे माझ्यासाठी आहे, आणि माझं डोकंच फिरलं. “मले अनपढ समजतेस काय बे?” म्हणून मी बैठकीतून निघून गेलो. सहा महिने बोललो नाही त्याच्याशी. ती रीतही बंद पडली, कारण माझ्या मागं दोघं-तिघं उठून आले होते. शेवटी बाबू स्वतः घरी आला, दारात उभा राहून म्हणाला, “चाल, चहा घेऊ.” त्या दाण्यांचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. मीही माफी मागितली नाही... माझ्या तोंडात तो शब्दच नव्हता.

गेल्या वर्षी त्याच्या छातीत दुखायला लागलं. रायपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, तीन नळ्या बंद आहेत, ऑपरेशन करा. शुगर आहे म्हणून धोका आहे, पण करा. जुनवानीच्या त्याच्या घरी आम्ही बसलो. प्रशांत पुण्याहून आलेला, वहिनी, शेजारचे साहूजी आणि मी. बाबू खुर्चीत होता, शाल घेऊन. कोणी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, “छाती फाडून घ्याची नाही. माझा भाऊ टेबलावरच गेला. गोळ्या घे, तेल बंद कर, सकाळी फिर.” माझा भाऊ पोटाच्या ऑपरेशनात गेला, आणि तोही तीन दिवस उशिरा नेला म्हणून. हे मी सांगितलं नाही. साहूजींनी मान हालवली, “सही बात हे भैया.” प्रशांत म्हणाला, “काका म्हणतात तसंच करू मग.” वहिनी चहा आणायला आत गेल्या. बाबूनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता मस्करी करेल. तो म्हणाला, “ठीक हाये.” माणसं कशी ठरवतात यावर ज्यानं चाळीस वर्षं माझं डोकं खाल्लं, त्याच्या जिवाचं आम्ही अर्धा कप चहा संपेल एवढ्या वेळात ठरवलं. आणि त्याला कोणी विचारलं नाही.

तेरवी झाली आणि एकेक गोष्ट बाहेर यायला लागली. साहूजी एक दिवस बाजारात म्हणाले, “मेरा तो मन था भैया, करा लेते. पर आप इतना जोर से बोले...” प्रशांतनं पुण्याहून फोनवर सांगितलं, त्यानं रजा टाकली होती, ऑपरेशनसाठीच. मी विचारलं, “मंग बोलला कावून नाही?” वहिनींकडं जायची हिंमत झाली नाही. गेलो तो महिन्यानं. त्यांनी सरळ सांगितलं, “त्याईनं पिशवी भरून ठेवली होती, भाऊजी. टावेल, दोन पायजमे, दाढीचं सामान. तुमी गेल्यावर मी म्हटलं, तुमाले कराचं होतं ना? त म्हणाले, नानाचा सख्खा भाऊ गेला त्यात, त्याले जास्त समजत असन.”

ऑपरेशन केलं असतं तर तो वाचला असता असं मी म्हणत नाही. डॉक्टरही म्हणत नाहीत. पण टेबलावर गेला असता तर स्वतःच्या मतानं गेला असता...

आता मी दर रविवारी तिथं जातो. समोरच्या खोलीत त्याची पुस्तकं आहेत, चष्मा आहे, खुर्चीवर कोणी बसत नाही. परवाच्या रविवारी वहिनी म्हणाल्या, “प्रशांत म्हणते, घर विकू अन् पुण्याले चाला. तुमाले काय वाटते?” मला वाटत होतं ते जिभेवर तयारच होतं. बाईमाणसानं एकटं राहू नये, पोराकडं जावं, त्यात विचारायचं काय? मी म्हणालो, “वहिनी, आधी तुमी सांगा.”

त्या माझ्याकडं पाहतच राहिल्या. मग खिडकीकडं वळल्या. बाहेर कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, किक मारून मारून तो माणूस दमला असेल. दोनदा माझं तोंड उघडलं, दोनदा मी ते मिटलं. चहावर साय आली.

“मले कुठंच जाचं नाही,” त्या म्हणाल्या. आणि खिडकीकडंच पाहत, “त्या दिवशीबी मी बोलणार होते, भाऊजी. कोणी थांबलंच नाही.”